मन मोकळं : हात उठायच्या आधी

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की घरात पोरांवर हात कधी उठतो आणि त्या वेळी तुम्हाला नक्की काय झालेलं असतं, खरं लिहा, नाव नको. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील आणि त्यातली तीन "आमच्यात असलं काही नसतंय बघा" म्हणणारी. पण आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या वडगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, अथणीकडनं इतकं आलंय की आठ दिवस मी दुसरं काही वाचलेलंच नाही. सगळ्यांना इथं उत्तर देणं होणार नाही, पाच घेतलीत. जे पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी सांगते, माझी सगळी नोकरी अंगणवाडीत गेली, आधी सेविका मग सुपरवायझर, त्यामुळं बोलणार ते बरंचसं दारोदार हिंडून बघितलेलं आणि थोडंफार वाचलेलं.

"ताई, आमचं घर वडगावात. मालक पावरलूमवर रात्रपाळी करतात, मी घरात मागाच्या सुताच्या कांड्या भरते. मोठी सात वर्षांची, धाकटा दोन महिन्यांचा. तो रात्रभर रडतोय, दिवसा ही ऐकत नै. परवा उलथन्यानं मारलं तिला, पायावर वळ उठला. शाळेत बाईंनी विचारलं तर पडले म्हणून सांगून आली. ते कळल्यापासनं घास उतरंना झालाय. मी वाईट आई आहे काय?"

तुला तू म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. वाईट आई असतीस तर घास उतरला असता, पत्र लिहायला बसली नसतीस. पण म्हणून वळ उठला त्याचं काही नाही असं मी म्हणणार नाही. आधी पोरीचं बघू. सात वर्षांच्या पोरीनं तुला वाचवायला खोटं बोललंय, हे तिच्या अंगावर ओझं आहे आणि ते तूच उतरवायचंस. तिला जवळ घे आणि सरळ सांग की मी मारलं, ते माझं चुकलं, तुझ्यामुळं नाही झालं, आणि बाईंनी परत विचारलं तर खरं सांगितलंस तरी मी रागावणार नाही. बाईंची भीती वाटत असेल तर उद्या स्वतःच जाऊन भेट, मी सांगते, निम्म्या बायका शाळेत हेच बोलायला माणूस शोधत असतात.

आता बाळाचं. बाळाचं रडणं साधारण दीड-दोन महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांनंतर आपोआप उतरत जातं, म्हणजे तू आत्ता बरोबर चढावाच्या टोकावर उभी आहेस. पोट भरलंय, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी रडतंय आणि तुझे दात आवळायला लागले असं झालं की बाळाला पाठीवर सपाट जागी ठेव, पाळण्यात ठेव, आणि दाराबाहेर जाऊन दहा मिनिटं उभी राहा. रडू दे. दहा मिनिटं रडून बाळाला काही होत नाही, पण रागाच्या भरात खांद्याला धरून गदागदा हलवलं तर मान एवढीशी असते, मेंदूत रक्तस्राव होतो, दिसायला बाहेरनं खरचटलेलं पण नसतं. हे मालकांना पण सांग, सासूबाईंना पण सांग, घरात जो कोण बाळ घेतो त्याला सांग.

आणि एक काम कर, आठवडाभर नुसतं बघ की हात कुठल्या वेळी उठतो. मी इतकी घरं फिरले, त्यातनं एक गोष्ट डोक्यात बसलीय की मार हा पोराच्या चुकीवर कमी आणि घड्याळावर जास्त अवलंबून असतो. संध्याकाळी साडेसहा, कांड्या न्यायला माणूस यायची वेळ, चुलीवर भात, बाळ रडतंय आणि त्यात तो हप्त्याचा वार. वार तर इतका पक्का की काही गल्ल्यांत मला कॅलेंडर न बघता कळायचं आज फायनान्सवाला येऊन गेलाय म्हणून. तुझ्याकडं पण असा हप्ता असेल तर ऐक, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे असल्या छोट्या कर्जांच्या, वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही आणि धमकी-शिवीगाळ तर अजिबात नाही. आणि धाकदपटशानं वसुली करणाऱ्यांविरुद्ध कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. कर्ज त्यानं फिटत नाही हे मला कळतंय, पण दारात ओरडणाऱ्या माणसाला "साहेब सहा वाजून गेलेत" एवढं म्हणता आलं तरी त्या रात्री पोरीच्या पाठीवरचं एक उलथनं वाचतंय.

माझं सांगते. माझा मोठा अडीच वर्षांचा, धाकटी पोटात, घरात पाहुणे, आणि त्यानं भरलेली घागर उपडी केली. मी त्याला न्हाणीघरात कोंडलं आणि बाहेर बसून मीच रडत होते. शेजारच्या अक्का दार न वाजवता आत आल्या, कडी काढली, पोराला काखेला घेतलं आणि गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. दोन तासांनी त्याला जेवू घालून, भांग पाडून, पावडर लावून परत आणून ठेवलं. ते दोन तास मी झोपले होते. पुढं नोकरीत मी कितीतरी ट्रेनिंगं केली पण पोरांना मारापासनं वाचवण्याचं काम म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं, बाकी सगळं त्याच्यावरची टीप आहे.

तेव्हा तुझी अक्का शोध. आशा ताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी यायची असते, आली असेल, आणि आता तिसऱ्या महिन्यात परत येईल, मग सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात. ती फक्त वजन करायला येत नाही, तिला सांग की मला झोप नाही आणि हात उठतोय. अंगणवाडीत बाळंतिणीला दुपारचं गरम जेवण मिळतं, मातृपूर्ण योजना, २०१७ पासनं आहे, बऱ्याच बायका लाजून जात नाहीत की लोक काय म्हणतील, घरात खायला नाही काय. अगं, जेवणासाठी नको जाऊस पण तिथं आणखी चार बाळंतिणी बसलेल्या असतात त्यासाठी जा. आणि बाळ बघूच वाटंना, मरून जावं वाटतंय असलं काही मनात येत असेल तर उशीर न करता १४४१६ ला फोन लाव, टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण, आणि मराठीत बोलता येतं. मालकांना सांग, रात्रपाळी करून आलेला माणूस झोपणार हे बरोबर, पण उठल्यावर एक तास बाळ त्यांच्याकडं. एक तास. मागून घे.

"आम्ही गुरुजींची छडी आणि वडिलांचा पट्टा खाऊनच शिकलो आणि माणसात आलो. हल्ली तुम्ही लोक पोरांना डोक्यावर बसवताय." (एक आजोबा, चिकोडी)

आजोबा, नमस्कार. तुम्ही माणसात आलात याचा आनंदच आहे, पण ते पट्ट्यामुळं की पट्टा असून पण, हे आता कोण सांगणार. तुमच्या पहिलीच्या वर्गात किती पोरं होती आणि सातवीत किती उरली तेवढं जरा आठवून बघा, जी मधेच शाळा सोडून गुरं राखायला गेली ती का गेली ते पण. केंद्र सरकारनं २००७ मध्ये एक मोठी पाहणी छापली होती, तेरा राज्यं, बारा हजारांवर मुलं, त्यात तीनातल्या दोन मुलांनी अंगावर मार खाल्लेला होता आणि घरात मार खाल्लेल्यांत मारणारे बहुतेक आईवडीलच. म्हणजे पट्टा कमी पडलाय म्हणून देश मागं राहिलाय असं काही दिसत नाही. शाळेतली छडी तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदच आहे. आणि खरं सांगू, नातवाला बागेत फिरवून आणायचं काम तुमच्याइतकं चांगलं कोण करणार, तेवढं केलंत तर सुनेचा आवाज निम्म्यानं कमी होतो का बघा.

"निपाणीजवळच्या खेड्यातनं लिहितोय. आम्ही चौदाजणी, सगळ्या विड्या वळतो, बचत गट आहे. आमच्या गल्लीत दोन घरांत पोरांना लई मारतात. आम्हाला काहीतरी करायचंय. शिबिर घेऊ काय? बेळगावहून कोण वक्ता मिळेल?"

वक्ता नको. मी स्वतः वक्ता होऊन आलेली आहे, म्हणून सांगते. पुढच्या सतरंजीवर ज्या घरात मारत नाहीत त्या बायका येऊन बसतात, ज्यांना ऐकवायचं त्या घरी विड्या वळत असतात कारण हजार पुरे करायच्या आहेत आणि त्यात छाट निघाली, म्हणजे विड्या बाद ठरवल्या, की मजुरी गेली. वक्ता बोलतो, चहा होतो, फोटो होतो.

जगात याच्यावर काय काय करून बघितलंय ते थोडक्यात सांगते कारण तुम्ही करू म्हणताय ते त्याच वाटेवर आहे. १९६२ साली अमेरिकेत हेन्री केम्प नावाच्या बालरोगतज्ज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी पहिल्यांदा ठणकावून लिहिलं की दवाखान्यात येणारी ही मोडकी हाडं पडून झालेली नाहीत, घरात मारून झालेली आहेत. त्यानंतर कायदे आले, तक्रारी आल्या, पण मार झाल्यावर धावायचं हेच चालू राहिलं. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स नावाच्या माणसानं न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा नावाच्या गरीब वस्तीच्या भागात साधं करून बघितलं, पहिलटकरणीच्या घरी गरोदरपणापासनं मूल दोन वर्षांचं होईपर्यंत एकच नर्स जात राहायची. बसायची, ऐकायची, बाळाचं दाखवायची, बाईला नोकरी-शाळेचं विचारायची. पंधरा वर्षांनी सरकारी नोंदी काढल्या तर ज्या घरी नर्स जात होती तिथं मुलांचे हाल झाल्याच्या नोंदी जवळजवळ निम्म्यानं कमी. त्यात नर्सनं भाषण केलेलं नव्हतं हो, ती येत राहिली एवढंच.

आपल्याकडं ती येणारी बाई आहेच, आशा आहे, अंगणवाडीची सेविका आहे, पण तिच्या डोक्यावर इतके सर्वे आणि इतकी रजिस्टरं की बसायला वेळ नाही. तिथं तुमच्या चौदाजणींची गरज आहे. त्या दोन घरांत "का मारतेस" म्हणून जाऊ नका, विड्या वळायचं सूप घेऊन जा. खरंच. आपलं पान-तंबाखू घेऊन तिच्या दारात विड्या वळायला बसा, दोन-तीन दिवसांनी तीच बोलेल. मग दुपारी दोन ते चार गल्लीतली सगळी बारकी पोरं एका घरात, आज हिची पाळी उद्या तिची, बाकीच्यांनी तेवढ्या वेळात पानं कातरून घ्यायची. जिची पाळी आहे तिच्या शे-दोनशे विड्या कमी होणार, त्या बाकीच्यांनी मिळून वळून द्यायच्या, नाहीतर महिन्याभरात हे बंद पडतंय, हिशेब आधी घाला. आणि जिथं पोरं बसणार तिथं तंबाखूची धूळ नको, एवढं पथ्य पाळा.

पंचायतीकडं पण जा. रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांच्या बारक्या पोरांसाठी कर्नाटकात "कूसिन मने" नावाची पाळणाघरं काढलीत, पंचायतीमार्फत, तुमच्या पंचायतीत आहे का विचारा, असून कुलूप असेल तर का ते पण विचारा. वर्षातनं एकदा मुलांची ग्रामसभा घ्यायची असते, "मक्कळ ग्रामसभा", त्यात पोरांनी स्वतः बोलायचं असतं, आपल्या मराठी शाळेच्या पोरांना तिथं कानडी येत नाही म्हणून मागं बसवतात, ते होऊ देऊ नका, एखादी मोठी पोरगी पुढं उभी करा जी दोन्ही बोलते. सीमेवर राहायचं म्हणजे भाषेवरनं कुरकुर आपल्या पाचवीला पुजलीय, अर्ज कानडीत, शिक्का कानडीत, पण पोराच्या पाठीचा प्रश्न सीमेचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. एक, कुणाच्या घरातलं ऐकलेलं नळावर बोलायचं नाही, एकदा फुटलं की ती बाई परत दार उघडत नाही. दुसरी, कुठल्या मुलाला नको तिथं हात लावला, लैंगिक प्रकार आहे असं कळलं तर गटात बसून समजूत घालणं, पाया पडायला लावणं, पैसे घेऊन मिटवणं, असलं काही करायचं नाही, मग तो मामा असो की गावचा मोठा माणूस. पोक्सो कायदा २०१२ चा आहे, माहीत असून न कळवणं हा सुद्धा गुन्हा आहे त्यात. सरळ पोलीस नाहीतर १०९८, मुलांच्या मदतीचा फोन नंबर.

"खानापूर तालुका. शेजारचा माणूस गोव्याला कामाला असतो, पंधरा दिवसांनी येतो तेव्हा पिऊनच. बायकोला मारतो, दहा वर्षांच्या पोराला कंबरपट्ट्यानं. १०९८ ला फोन केला तर पोराला उचलून बोर्डिंगात टाकतील असं सगळे म्हणतात. आणि माझं नाव कळलं तर?"

फोन करा दादा. नाव सांगायलाच पाहिजे असं नाही, आणि सांगितलं तर गुप्त ठेवतात. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतनं हा नंबर सुरू झाला, आता तो सरकार चालवतं. फोन लागला की पहिलं वाक्य "जिल्हा बेळगाव, तालुका खानापूर, कर्नाटक" असं बोला, कारण आपल्याकडं मोबाईल कधी कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल नेम नाही. मराठी कळलं नाही तर हिंदीत सांगा. आणि आत्ता ह्या मिनिटाला मारतोय, ओरडणं ऐकू येतंय असं असेल तर ११२, तेव्हा विचार करत बसू नका.

बोर्डिंगाची भीती सगळीकडं आहे, मला पण दारावर बायकांनी हेच विचारलंय. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात उलटं लिहिलंय, मुलाची पहिली जागा त्याचं घर, संस्था हा शेवटचा मार्ग. मुलाला काढावंच लागलं तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यावं लागतं, अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, ते आईचं ऐकतात, मुलाचं ऐकतात, आणि पुष्कळदा मूल आईकडंच राहतं, आजोळी राहतं आणि घरावर लक्ष ठेवलं जातं. बापाला मात्र समज मिळते, आणि नाही ऐकलं तर त्याच कायद्याच्या ७५ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आईसाठी १८१ चा नंबर वेगळा आहे, तो तिला द्या, कागदावर नको, पाठ करून घ्या, कागद त्याच्या हाती लागला तर आणखी मार.

दारूचं बोलले नाही तर उत्तर अर्धं राहील. तो गडी शुद्धीत असतो तेव्हा कसा आहे ते तुम्हाला माहीत, बरा असेल तर त्याच्या गोव्यातल्या सोबत्यांपैकी कुणाला तरी मधे घाला. धारवाडला डिमहान्स म्हणजे मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं दारूवर उपचार होतात, लोक अजून त्याला "वेड्यांचं" म्हणून जात नाहीत. पण हे सगळं फोन केल्यावर. तो सुधारेल म्हणून पोरानं आणखी सहा पंधरवडे पट्टा खायचा, असलं गणित मला मान्य नाही. आणि तो येतो त्या रात्री पोरगं तुमच्या घरात झोपायला येऊ दे, अभ्यासाला म्हणून, आजपासनंच.

"अथणी तालुक्यातनं आजी लिहिते, म्हणजे सांगते, लिहितोय नातू. लेक वारली, जावई दोन वर्षं झाली बेपत्ता. नात सहा वर्षांची, नातू नऊ. लेकीला जतला दिलेली, कागदपत्रं सगळी तिकडची. माझ्यानं होईना. कधी कधी दोघांना बडवते आणि मग देवापुढं बसते."

आजी, नातवाचं अक्षर सुंदर आहे, त्याला सांगा. आणि हे त्याच्याकडनं लिहून घेतलंत, त्याला स्वतःच्या हातानं "बडवते" लिहावं लागलं, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल ते रात्री एकदा विचारा.

तुमच्यासाठी एक योजना आहे, मिशन वात्सल्यमधली स्पॉन्सरशिप, आईबाप नसलेली मुलं नातेवाईकांकडं राहत असतील तर एका मुलामागं महिन्याला चार हजार रुपये, अठरा वर्षांपर्यंत. खेड्यात घरचं उत्पन्न वर्षाला बहात्तर हजारांच्या आत पाहिजे. केंद्राची योजना आहे, तिकडं जतला महाराष्ट्रात पण आहे, इकडं कर्नाटकात पण, मुलं आता तुमच्याकडं राहतात तर आपल्याच जिल्ह्यात आधी विचारा. एकदम बेळगावला धावू नका, पहिल्यांदा अथणीतल्याच सीडीपीओ, म्हणजे तालुक्याच्या बाल विकास अधिकाऱ्याच्या, ऑफिसात जा, तिथनं जिल्हा बाल संरक्षण घटकाकडं कसं जायचं ते सांगतात. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूलच्या स्थानिक कचेरीत. लेकीचा मृत्यूचा दाखला आणि पोरांचे जन्मदाखले जतकडनं लागतील, जावई बेपत्ता आहे तर पोलिसात तशी नोंद झालीय का ते बघा, नसेल तर ती आधी, कारण बाप कागदावर जिवंत आणि घरी नाही हेच ऑफिसात सगळ्यात जास्त अडतं. अर्ज कानडीत असेल तर अंगणवाडीच्या बाईंकडनं भरून घ्या, अंगठा द्यायच्या आधी वाचून दाखवा म्हणा. पैसे मिळायला वेळ लागतो, एका हेलपाट्यात होत नाही, ते आधीच सांगून ठेवते.

तोवर शाळा सुटल्यावर दोघांना तासभर कुणाच्या तरी अंगणात खेळायला सोडा, तुमचं वय झालंय, एवढी मागणी गल्लीकडं करायला लाजू नका. आणि ऑफिसला जाताना दोघांना बरोबर न्या, आजी एकटी गेली तर उद्या या म्हणतात, पोरं बघितली की खुर्ची तरी देतात. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-पोरींना सरकारी बस फुकट, तेव्हा तुम्हाला आणि नातीला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आधार कार्डावर पत्ता कर्नाटकातला पाहिजे, तो तुमचा असेलच, नातीचा जतचा असला तर कंडक्टर कुरकुर करेल. नातवाचं अर्धं तिकीट मात्र काढावं लागेल, सुट्टे पैसे ठेवा.